सोर्स कोड, कंपायलर आणि वापरकर्ता : डेस्कटॉपवरील पूरक घटकांच्या वितरणाचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

संगणकाच्या पडद्यावरील घड्याळे, हवामानाची पाटी, खिडक्यांच्या चौकटींची नक्षी, रंगसंगती असे छोटे पूरक घटक एका कळीसरशी डाउनलोड करून बसविण्याची सोय मुक्त सॉफ्टवेअरच्या डेस्कटॉपवर एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी रुजली. यांपैकी बरेच घटक म्हणजे नुसती चित्रे किंवा मजकूर असे. काही मात्र सी++ सारख्या भाषेत लिहिलेले प्रोग्राम होते आणि ते सोर्स कोडच्या, म्हणजे प्रोग्रामकाराने लिहिलेल्या मूळ मजकुराच्या, स्वरूपात उपलब्ध असत. ते वापरण्यापूर्वी कंपाइल करणे, म्हणजे यंत्राला थेट चालविता येईल अशा रूपात उतरविणे, आवश्यक होते. हे कामही डाउनलोड करणाऱ्या साधनानेच वापरकर्त्यासाठी परस्पर उरकून द्यावे काय, असा प्रश्न त्यातून उपस्थित झाला.

हा प्रश्न सामान्यतः सोयीचा म्हणून मांडला जातो. त्याकडे इतिहासाच्या अंगाने पाहिल्यास निराळे चित्र दिसते. गेल्या सत्तर वर्षांत कंपाइल करण्याचे काम अनेक हातांतून फिरले आहे, आणि ते ज्याच्या हाती गेले त्याच्याकडेच आतल्या मजकुराची जबाबदारीही गेली आहे. डाउनलोड करणाऱ्या साधनाला ही जबाबदारी घेता येण्यासारखी नव्हती. म्हणून ते कामही त्याच्याकडे देणे उचित नव्हते, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे.

सोर्स कोडचा प्रवास

संगणकाच्या आरंभीच्या काळात सॉफ्टवेअर ही स्वतंत्रपणे विकण्याची वस्तूच नव्हती. लॉस एंजेलिस परिसरातील आयबीएम यंत्रांच्या वापरकर्त्यांनी १९५५ मध्ये 'शेअर' नावाची संघटना स्थापन केली, तिचा एक प्रमुख उद्देश परस्परांचे प्रोग्राम वाटून घेणे हा होता. यंत्र विकत घेणाऱ्याला प्रोग्राम मूळ मजकुरासह मिळत आणि ते कंपाइल करणारे लोक त्याच्याच कार्यालयात नोकरीस असत. जून १९६९ मध्ये आयबीएमने सॉफ्टवेअरची किंमत यंत्रापासून वेगळी आकारण्याचे जाहीर केले. १९८० च्या दुरुस्तीने अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रामांचा स्पष्ट समावेश झाला. अॅपल विरुद्ध फ्रँकलिन या खटल्यातील १९८३ च्या निर्णयाने कंपाइल झालेल्या यंत्रभाषेतील रूपालाही ते संरक्षण लाभले. त्याच वर्षी आयबीएमने ग्राहकांना केवळ कंपाइल केलेले रूपच देण्याचे धोरण जाहीर केले. अशा रीतीने अवघ्या दीड दशकात कंपाइल करण्याचे काम ग्राहकाच्या कार्यालयातून उत्पादकाच्या कारखान्यात गेले. ग्राहकाला आत काय आहे हे पाहण्याची सोय उरली नाही. त्याबदली त्याला एक नाव मिळाले, ज्याच्याकडे तक्रार करता येईल.

दुसरी धारा विद्यापीठांतून वाहत होती. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत जन्मलेली युनिक्स प्रणाली १९७३ च्या सुमारास सी भाषेत पुन्हा लिहिली गेली आणि सोर्स कोडसह विद्यापीठांत पोहोचली. तिच्यासाठी स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये 'मेक' हे साधन तयार केले. कोणत्या फाइलीवर कोणती फाइल अवलंबून आहे आणि काय बदलले म्हणजे काय पुन्हा कंपाइल करावयाचे, हे त्यात एकदा लिहून ठेवले की पुढचे काम यंत्र करी. पण युनिक्सच्या पुढे अनेक शाखा झाल्या आणि एका शाखेवर चालणारा प्रोग्राम दुसरीवर अडू लागला. लॅरी वॉल यांनी १९८४ मध्ये आपल्या 'आरएन' या प्रोग्रामसोबत यंत्राची चाचपणी करणारी 'कॉन्फिगर' ही स्क्रिप्ट दिली. पुढे १९९१ मध्ये डेव्हिड मॅकेंझी यांनी ग्नू प्रकल्पासाठी 'ऑटोकॉन्फ' लिहिण्यास आरंभ केला. 'कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल' ही तीन आज्ञांची मालिका त्यातूनच रूढ झाली.

या मालिकेचे एक वैशिष्ट्य सहसा नोंदविले जात नाही. ती देणारा माणूस प्रत्येक पायरीवर थांबत असे. चाचपणीचा निकाल वाचणे, न सापडलेली लायब्ररी शोधणे, चूक आली तर ती फाइल उघडून पाहणे, हा तिचा भाग होता. हे थांबणे कंटाळवाणे होते यात शंका नाही. परंतु वापरकर्ता आणि मूळ मजकूर यांची गाठ पडण्याची ती एकच जागा होती.

वितरण-संस्थांचा उदय

१९९१ मध्ये लिनक्स आले आणि १९९३ मध्ये स्लॅकवेअर व डेबियन ही वितरणे सुरू झाली. वितरण म्हणजे हजारो लेखकांचा सोर्स कोड गोळा करून, कंपाइल करून, परस्परांशी जुळवून देणारी संस्था. डेबियनची डीपीकेजी आणि रेड हॅटची १९९५ ची आरपीएम ही साधने कोणत्या पॅकेजने कोणती फाइल कोठे ठेवली याची वही राखत. येथे एक तिसरा पक्ष इतिहासात प्रथमच ठळकपणे पुढे आला. तो लेखक नव्हता आणि वापरकर्ताही नव्हता. त्याने मजकूर पाहिलेला असे आणि त्यावर स्वाक्षरी केलेली असे.

कंपाइल करण्याचे काम वापरकर्त्याच्याच यंत्रावर ठेवणाऱ्या प्रणालीही होत्या. फ्रीबीएसडीचा 'पोर्ट्स' संग्रह १९९४ पासून आहे. जेंटू लिनक्सची पहिली अधिकृत आवृत्ती मार्च २००२ मध्ये निघाली. मात्र या दोन्हींतही तिसरा पक्ष हजर आहे. सोर्स कोड कोठून आणावयाचा, त्याची चेकसम म्हणजे मजकुरावरून काढलेली पडताळणीची संख्या किती, हे त्या संग्रहाच्या देखभालकर्त्याने आधी लिहून ठेवलेले असते. यंत्र वापरकर्त्याचे, साक्षी मात्र दुसरा. ही गोष्ट पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे.

केडीई आणि 'गेट हॉट न्यू स्टफ'

माथियास एट्रिच यांनी १९९६ मध्ये सुरू केलेला केडीई हा डेस्कटॉप प्रकल्प या प्रश्नाचे उत्तम उदाहरण ठरतो. फ्रँक कार्लिचेक यांनी २००१ मध्ये केडीई-लुक हे संकेतस्थळ सुरू केले. त्यावर कोणीही आपले वॉलपेपर, थीम वा छोटे प्रोग्राम ठेवू शके. पाठोपाठ केडीईमध्येच 'गेट हॉट न्यू स्टफ' ही सोय आली. तिचा मूळ उपयोग अतिशय सात्त्विक होता. केस्टार्स या खगोलशास्त्राच्या प्रोग्रामसाठी ताऱ्यांची जादा माहिती, केहँगमन या शब्दखेळासाठी निरनिराळ्या भाषांचे शब्द, असा मजकूर एका कळीने घरी येई. येथे कंपाइल करण्याचा प्रश्नच नव्हता. शब्दांची यादी फार तर चुकीची असेल. ती यंत्राला आज्ञा देत नाही.

अडचण आली ती पुढच्या पायरीवर. नोव्हेंबर २००५ मध्ये निघालेल्या केडीई ३.५ मध्ये सुपरकारंबा समाविष्ट झाले. त्याच्या थीमना पायथन भाषेतील स्क्रिप्ट जोडता येई आणि त्या याच सोयीतून डाउनलोड होत. जानेवारी २००८ मध्ये केडीई ४.० सोबत प्लाझ्मा आले, ज्यात डेस्कटॉपवरील प्रत्येक छोटा घटक 'प्लाझ्मॉइड' म्हणून लिहिता येई. प्रारंभीचे पुष्कळ प्लाझ्मॉइड सी++ मध्येच लिहिले गेले. संकेतस्थळावर ते दिसत, त्यांचे चित्र मोहक असे. पण हाती येई ती सोर्स कोडची गाठोडी. स्क्रिप्टमधील घटक एका कळीत बसे, सी++ मधील घटकासाठी मात्र कंपायलर, क्यूटी व केडीईच्या विकासासाठीची पॅकेजे, सीमेक हे साधन आणि बहुधा प्रशासकाचा पासवर्ड लागे. भारतात त्या काळी लिनक्स बऱ्याच जणांपर्यंत संगणकविषयक मासिकांसोबत येणाऱ्या सीडींमधून पोहोचत असे. मंद जोडणीवर ही सगळी सामग्री उतरवून घेणे हेच एक स्वतंत्र प्रकरण होते.

लेखक तयार रूप का देत नसत, असे येथे विचारता येईल. त्याचे कारण आळस नव्हे. सी++ मध्ये कंपाइल झालेले दोन तुकडे एकमेकांशी जुळण्यासाठी दोन्ही सुसंगत कंपायलरने तयार झालेले असावे लागतात. जीसीसी या कंपायलरची ही जुळणीची पद्धत ३.० (२००१), ३.२ (२००२) आणि ३.४ (२००४) या आवृत्त्यांत बदलत गेली. प्रत्येक वितरणाचा कंपायलर वेगळा, क्यूटीची आवृत्ती वेगळी. एका घड्याळाच्या लेखकाने दहा वितरणांसाठी, त्यांच्या प्रत्येकी दोनतीन आवृत्त्यांसाठी तयार रूपे करीत बसावे, ही अपेक्षाच अवाजवी होती. तेव्हा सोर्स कोड उतरवून, वापरकर्त्याच्या यंत्रावर पडद्यामागे तो कंपाइल करून, घटक बसवून टाकावा, ही कल्पना साहजिक वाटणारी होती. शिवाय मुक्त सॉफ्टवेअरच्या तत्त्वज्ञानाशीही ती सुसंगत भासे : वापरकर्त्याला खरा सोर्स कोडच मिळतो, मग आक्षेप कशाला?

कंपाइल करणे म्हणजे तपासणे नव्हे

या युक्तिवादातील दोष समजण्यासाठी घरातील दळणाचे उदाहरण पुरेसे आहे. गहू गिरणीत नेण्यापूर्वी तो निवडावा लागतो. न निवडता दळला तर खडाही बारीक होऊन पिठात मिसळतो, आणि मग तो दिसतही नाही. सोर्स कोड उपलब्ध असणे म्हणजे गहू निवडता येण्याजोगा असणे. तो कोणी निवडला आहे असा त्याचा अर्थ नव्हे. कंपायलर दळतो, निवडत नाही.

इतकेच असते तरी निभावले असते. प्रत्यक्षात कंपाइल करण्याच्या प्रक्रियेतच मजकुरातील आज्ञा चालतात, हे २००२ च्या तीन घटनांनी स्पष्ट केले. जुलैच्या अखेरीस ओपनएसएसएच ३.४पी१ ची अधिकृत सर्व्हरवरील सोर्स कोडची गाठोडी कोणीतरी बदलली. ती कंपाइल करताच एक छुपा प्रोग्राम चालू होई आणि ठराविक वेळाने दूरच्या एका यंत्राशी संपर्क साधून तेथील आज्ञांची वाट पाही. तयार होणाऱ्या ओपनएसएसएचमध्ये मात्र काही खोट नसे. घात कंपाइल होण्याच्या क्षणातच उरकलेला असे. सप्टेंबरच्या अखेरीस सेंडमेल ८.१२.६ च्या आणि नोव्हेंबरमध्ये टीसीपीडंपच्या गाठोडीबाबत तसेच घडले. टीसीपीडंपच्या बाबतीत तर कॉन्फिगर ही चाचपणीची स्क्रिप्टच विषारी होती. म्हणजे प्रोग्राम बसविण्यापूर्वी, तो एकदाही न वापरता, नुसत्या तयारीतच यंत्र परक्याच्या हाती जाऊ शकत होते.

ओपनएसएसएचचे प्रकरण उघडकीस कसे आले हे अधिक उद्बोधक आहे. कोणी सोर्स कोड वाचून ते शोधले नाही. फ्रीबीएसडीच्या पोर्ट्स संग्रहात आधी नोंदविलेली चेकसम आणि नव्याने उतरलेल्या गाठोडीची चेकसम जुळेना, म्हणून ते लक्षात आले. जगातील असंख्य वापरकर्त्यांसमोर मूळ मजकूर उघडा होता. उपयोगी पडली ती तिसऱ्या पक्षाने आगाऊ लिहून ठेवलेली एक संख्या. केडीई-लुकसारख्या संकेतस्थळावर अशी संख्या नोंदविणार कोण? लेखक स्वतःच गाठोडी ठेवणार, स्वतःच बदलणार. आणि डाउनलोड करणारे साधन ती जशी आहे तशी कंपायलरकडे सोपविणार. त्या साखळीत साक्षीदाराची जागाच नव्हती.

या ठिकाणी केन थॉम्पसन यांच्या प्रसिद्ध व्याख्यानाचा दाखला हमखास दिला जातो. ट्युरिंग पुरस्काराच्या निमित्ताने दिलेले आणि १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेले ते व्याख्यान असे दाखविते की, कंपायलरमध्येच गुपचूप फेरफार केल्यास स्वच्छ सोर्स कोडमधूनही विषारी प्रोग्राम निपजू शकतो. पॉल कार्गर आणि रॉजर शेल यांनी मल्टिक्स प्रणालीच्या १९७४ च्या परीक्षणात याच धोक्याचे सूतोवाच केले होते. हा मुद्दा तात्त्विकदृष्ट्या मोलाचा असला तरी प्रस्तुत प्रश्नासाठी तो काहीसा दूरचा आहे. डेस्कटॉपवरील घड्याळाच्या बाबतीत इतक्या सूक्ष्म कपटाची गरजच पडत नाही. डिसेंबर २००९ मध्ये ग्नोम-लुक या भगिनी संकेतस्थळावर धबधब्याचे दृश्य दाखविणारा एक स्क्रीनसेव्हर डेबियन पॅकेजच्या रूपात ठेवलेला आढळला. त्यात स्क्रीनसेव्हर नव्हताच. बसविताना तो एक स्क्रिप्ट उतरवून घेई आणि वापरकर्त्याच्या यंत्राला इतरांवरील हल्ल्यात जुंपण्याची व्यवस्था करी. हे पॅकेज तयार रूपातील होते, तेव्हा सोर्स कोडचा पुरस्कार करणाऱ्यांना त्यात स्वतःच्या बाजूचा पुरावा दिसू शकेल. पण ती स्क्रिप्ट साध्या वाचनीय मजकुरातच होती. अडचण वाचता न येण्याची नव्हती, कोणी न वाचण्याची होती.

दोन पर्यायी वाटा

आर्च लिनक्सच्या वापरकर्त्यांचा 'एयूआर' हा संग्रह २००५ पासून आहे. त्यात कोणीही कंपाइल करण्याची कृती लिहून ठेवू शकतो. आर्चने ही व्यवस्था स्वीकारताना एक अट मनाशी बाळगली : वापरकर्त्याने ती कृती स्वतः वाचावी. म्हणूनच हे सारे परस्पर उरकणारी साधने लोकप्रिय असूनही आर्चने त्यांना अधिकृत पाठिंबा दिलेला नाही. ही भूमिका काहींना हटवादी वाटते. तथापि जुलै २०१८ मध्ये 'अॅक्रोरीड' हे बेवारस पडलेले पॅकेज एका नव्या माणसाने ताब्यात घेऊन त्याच्या कृतीत बाहेरची स्क्रिप्ट चालविणारी ओळ घुसविली. जुलै २०२५ मध्ये ब्राउझरच्या दुरुस्त्या म्हणून ठेवलेल्या तीन पॅकेजांतून यंत्राचा दूरस्थ ताबा घेणारा प्रोग्राम पसरविण्यात आला, आणि दोन दिवसांनी ती काढून टाकावी लागली. वाचणाऱ्याला ही ओळ दिसली असती. कळ दाबणाऱ्याला ती दिसण्याचे कारणच नव्हते. कंपाइल करणे वापरकर्त्याकडे ठेवावयाचे तर त्याचे थांबणेही ठेवावे लागते, हे आर्चने ओळखले होते.

दुसरी वाट केडीईच्याच परिसरातून निघाली. २०१० च्या अखेरीस कार्लिचेक यांनी 'ब्रेट्झन' प्रकल्प मांडला. त्यामागील विचार असा की, लेखकाने सोर्स कोड एकदाच द्यावा, ओपनसुसेच्या बिल्ड सर्व्हिससारख्या सार्वजनिक यंत्रणेने तो निरनिराळ्या वितरणांसाठी कंपाइल करावा आणि वापरकर्त्याच्या हाती तयार पॅकेज पडावे. प्रकल्प स्वतः फार दूर गेला नाही. पण प्रश्नाची उकल मात्र त्यात अचूक होती. दहा वितरणांची अडचण लेखकाच्या अंगावर राहत नाही, वापरकर्त्याच्या घरी कंपायलर लागत नाही, आणि कंपाइल होताना काय चालले याची नोंद एका उघड ठिकाणी उरते. फायरफॉक्सच्या पूरक घटकांबाबत मोझिलाने याच तत्त्वाचे वेगळे रूप अवलंबिले. लेखकाने संकुचित वा यंत्रनिर्मित कोड दिला असेल तर मूळ सोर्स कोड परीक्षकांकडे सादर करावा लागतो, म्हणजे तो पुन्हा तयार करून ताडून पाहता येतो. वापरकर्त्याला मात्र स्वाक्षरी झालेले तयार रूपच मिळते.

या व्यवस्थेवर मोठा आक्षेप २०२४ च्या 'एक्सझेड' प्रकरणाने घेतला जाऊ शकतो. त्या वर्षी २९ मार्च रोजी आंद्रेस फ्रॉइंड यांनी उघड केले की, एक्सझेड या संकोचन-साधनाच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट घातलेली आहे. तिला कार्यान्वित करणारी ओळ सार्वजनिक संग्रहात नव्हती, केवळ वितरणासाठी बांधलेल्या गाठोडीतील कंपाइलच्या स्क्रिप्टमध्ये होती. डेबियन आणि फेडोराच्या चाचणी-शाखांनी ती गाठोडी निमूटपणे कंपाइलही केली. तिसरा पक्ष येथे फसला, हे मान्यच करावे लागेल. परंतु वितरण-संस्थांच्या रचनेत चाचणीची शाखा आणि स्थिर शाखा यांच्यात काही काळ जातो. एसएसएचने लॉगिन होण्यास सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो याचा छडा लावण्यास फ्रॉइंड यांना जो अवधी मिळाला, तो त्या संथपणामुळे. डेस्कटॉपवरील 'बसवा' या कळीमागे चाचणीची शाखा नसते. वस्तू आली की ती त्याच क्षणी सर्वांच्या घरी असते.

जीपीएलचा दाखलाही येथे तपासून पाहावा. १९९१ च्या दुसऱ्या आवृत्तीत सोर्स कोडच्या व्याख्येत कंपाइल करण्यासाठी लागणाऱ्या स्क्रिप्टचाही समावेश केला आहे. हा हक्क वापरकर्त्याने मजकूर पाहावा, बदलावा आणि बदललेला चालवावा यासाठी आहे. ज्या यंत्रणेत मजकूर येतो, दळला जातो आणि वापरकर्त्याच्या दृष्टीस न पडता नाहीसा होतो, तिच्यामुळे हा हक्क वाढत नाही. त्यासाठी सोर्स कोडची दुसरी कळ पुरेशी आहे. ती दाबणारे थोडे असतील, पण ते वाचण्यासाठीच दाबतील.

प्रश्नाचे रूपांतर

तांत्रिक पातळीवर हा वाद पुढे मिटल्यासारखा झाला. जुलै २०१४ मध्ये आलेल्या प्लाझ्मा ५ मध्ये घटक प्रामुख्याने क्यूएमएल आणि जावास्क्रिप्ट या भाषांत लिहिले जाऊ लागले. हे कोड कंपाइल न करता जसेच्या तसे चालतात, त्यामुळे कंपायलरची, विकास-पॅकेजांची आणि सीमेकची गरजच संपली. ग्नोमने याहून सावध पवित्रा घेतला. तेथेही विस्तार जावास्क्रिप्टमध्येच असतात; परंतु डिसेंबर २०११ मध्ये सुरू झालेल्या त्याच्या संकेतस्थळावर प्रत्येक विस्तार प्रसिद्धीपूर्वी माणसाच्या नजरेखालून जातो. केडीईच्या भांडारात असे पूर्वपरीक्षण नव्हते. मार्च २०२४ मध्ये त्या भांडारातील एक 'ग्लोबल थीम' बसविताच एका वापरकर्त्याच्या डिस्कवरील वैयक्तिक फाइली पुसल्या गेल्या. त्यामागे दुष्ट हेतू नव्हता. थीमसोबत आलेल्या स्क्रिप्टमधील फाइली काढून टाकण्याची आज्ञा चुकीच्या ठिकाणी चालली होती. रंगसंगती बदलणाऱ्या वस्तूत अशी आज्ञा चालविण्याची मुभा असते, हेच बहुसंख्य वापरकर्त्यांना त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हते. त्यानंतर केडीईने वापरकर्त्यांना जाहीर इशारा दिला आणि भांडारातील घटकांच्या परीक्षणाची चर्चा प्रकल्पात सुरू झाली. या साऱ्या प्रकरणात कंपायलर कोठेही चालला नव्हता.